पतसंस्था बुडणार अशी खोटी अफवा उठली, तर लोकांपर्यंत खरं कसं पोचवायचं?

तुम्ही विचारलंय, संस्था नीट चालू असताना ‘पैसे काढून घ्या, बुडणार आहे’ असा मेसेज गावभर फिरतोय. पेपरात खुलासा द्यावा की गप्प बसावं? गप्प अजिबात बसू नका. पण पहिला खुलासा पेपरात नको, काउंटरवर हवा.

मी एका नागरी पतसंस्थेत शाखाधिकारी होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्याच आठवड्यात आमच्या नावाचा मेसेज सुटला. सकाळी शटर उघडायच्या आधी दारात तीसेक माणसं. एक आजी मुदत ठेवीची पावती पदराच्या गाठीला बांधून आल्या होत्या. एका संचालकांचं म्हणणं पडलं की दुपारी कॅश बंद करू. मी हात जोडून नको म्हटलं. उलट दुसरा काउंटर उघडला. आजींना पंख्याखाली बसवलं, आज ठेव मोडली तर व्याज किती कमी मिळेल ते कागदावर मांडून दाखवलं. तरी त्यांना पैसे हवेच होते. दिले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि बाहेर पायरीवर बसलेल्या बायकांना सांगितलं, “देतायत गं.” दुपारपर्यंत रांग निम्म्यावर आली.

त्या रात्री पिग्मी एजंटांना बोलावलं. रोज दुकानादुकानात जाऊन छोटी बचत गोळा करणारी ही माणसं. गावाचा त्यांच्यावर जेवढा विश्वास असतो तेवढा अध्यक्षांच्या फोटोवर नसतो. प्रत्येकाच्या हातात एकच कागद दिला: एकूण ठेवी, बँकांत ठेवलेली रक्कम, लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेला ऑडिटचा वर्ग आणि कर्जांची थकबाकी. थकबाकी लिहायला संचालक तयार नव्हते, पण लोक नेमकं तेच विचारतात.

२००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा आयसीआयसीआय बँकेबद्दल अशाच अफवा उठल्या. तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे रोखे खरंच होते. बँकेने ती रक्कम जाहीर केली, आणि ३० सप्टेंबर २००८ ला रिझर्व्ह बँकेनेही निवेदन काढलं की बँकेकडे पुरेसा पैसा आहे, शाखांना व एटीएमना लागेल तेवढ्या रोकडीची सोय केलेली आहे. आपण चांगले आहोत हे आपणच सांगून भागत नाही, वरच्या कुणीतरी सांगावं लागतं. तुमच्यासाठी ते म्हणजे सहकार खात्याचे सहायक निबंधक आणि तुमचे लेखापरीक्षक. आजच जाऊन भेटा.

फलकावर ‘संस्था बुडणार नाही’ असं लिहू नका, वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘बुडणार’ तेवढंच राहतं. ‘शाखा रोजच्या वेळेत उघडी, ठेवी मागताक्षणी मिळतील’ एवढं पुरे, अर्थात तेवढी रोकड हाताशी ठेवूनच. आणि कळकळीने सांगतो, ‘ठेवी विम्याने सुरक्षित’ असं चुकूनही छापू नका. ५ लाखांपर्यंतचं ते विमासंरक्षण बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थांना नाही. कुणी हे दाखवून दिलं, की तुमची बाकीची खरी वाक्यंही खोटी ठरतील.

मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, सायबर पोलिसांत तक्रार द्या. तिचा गाजावाजा मात्र रांग ओसरेपर्यंत करू नका. आधी दारातल्या माणसांना पाणी द्या आणि त्यांचे पैसे द्या.