चांदोलीत नोकरी करायची म्हणतोस, तर आधी कोण काय करतं ते बघ

भावा, तू विचारलंयस की चांदोली नॅशनल पार्कात कोण कोण कामाला असतं, गार्डला म्हणजे वनरक्षकाला दिवसभर काम काय, आणि भरतीत उतरावं का. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल होऊन रिटायर झालो, त्यामुळं जरा लांबण लागंल.

पहिलं म्हणजे चांदोली आता एकटं नाही, 2010 ला कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वरचे साहेब म्हणजे क्षेत्र संचालक कोल्हापुरात, उपसंचालक कराडला, त्यांच्याखाली एसीएफ म्हणजे सहाय्यक वनसंरक्षक, मग रेंजर म्हणजे कागदावर वनक्षेत्रपाल. रेंजचे राउंड पडतात, राउंडला वनपाल, राउंडचे बीट म्हणजे जंगलाचे छोटे तुकडे, आणि बीटला एक वनरक्षक. त्याच्यासोबत वनमजूर, बहुतेक आजूबाजूच्याच गावचे, आणि खरं सांगू का, जंगल त्यांनाच जास्त कळतं. मी पायवाटा वनमजुराकडनं शिकलो, ट्रेनिंगमध्ये नाही.

गार्डचं काम म्हणजे चालणं. सकाळी कुटीवरनं, म्हणजे जंगलातल्या आमच्या चौकीवरनं निघायचं, मोबाईलवर गस्तीचं एम-स्ट्राइप्स ॲप चालू ठेवायचं, म्हणजे कुठनं कुठं चाललास त्याची रेघ उमटते, साहेबाला टेबलावर दिसते, थापा चालत नाहीत. वाटेत ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, फासे, तोडलेलं लाकूड, सगळ्याची नोंद करायची. गुन्हा सापडला तर पीओआर म्हणजे गुन्ह्याचा पहिला रिपोर्ट फाडायचा, मग पंचनामा, जप्ती, आणि पुढं कोर्टाच्या तारखा, ते कुणी भरतीच्या वेळी सांगत नाही! उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायचे, वणवा लागला की रात्री-बेरात्री आग झोडपायला पाला घेऊन पळायचं. पावसाळ्यात पर्यटन बंद पण गस्त चालूच, उलट जास्तच, कारण धुक्यात शिकारी येतात. मोज्यात तंबाखूची पूड टाकली तरी जळवा चढतातच, संध्याकाळी बूट काढला की मोजा लाल. बामणोलीकडं तर काही बीटवर शिवसागरातनं, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यातनं, लाँचनं जावं लागतं.

कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे जनावर समोरनं गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं काम मला आवडायचं. वाटेच्या दोन्ही बाजूला समोरासमोर दोन कॅमेरे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, एकाच बाजूचा फोटो आला तर जनावर ओळखायची पंचाईत. समोरचं गवत कापायला विसरलास तर वाऱ्यानं हलणाऱ्या गवताचे हजारभर फोटो घेऊन येशील, मी आणलेत. आता ताडोबातनं वाघीण आणून सोडलीय, गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे तिच्या मागावर राहायचं काम वाढलं.

एक गोष्ट लोकांना कळत नाही. शिराळ्यात, कराडात उसात बिबट्या दिसला की लोक व्याघ्र प्रकल्पाला शिव्या घालतात. उसातला बिबट्या, शेरडू मारल्याचा पंचनामा, हे बहुतेक ठिकाणी प्रादेशिक वनविभागाकडं, आमचा वन्यजीव विभाग वेगळा. खातं एकच, वर्दी एकच, त्यामुळं बोलणी आम्हालाच! नंबर पाहिजे तर 1926 फिरवायचा, ती वनखात्याची हेल्पलाइन.

आता भरती. वनरक्षकाला बारावी लागते, आणि त्यात विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला एक तरी विषय. पोरांना 5 किमी पळणं, पोरींना 3. थेट रेंजर व्हायचं असंल तर एमपीएससी दे. वनखात्याची ट्रेनिंग ॲकॅडमी आपल्याच कुंडलला आहे, पलूस तालुक्यात, एकदा गेटापर्यंत तरी जाऊन ये.

पळण्याचीच सगळी तयारी करू नको. निवड झाल्यावर 4 तासात 25 किमी चालायचं असतं, पोरींना 16. तिथं नवीन कोरे बूट घालून गेलेली पोरं अर्ध्यात बसलेली बघितलीत मी, महिनाभर आधी बूट वापरून मऊ करून ठेव.