माझ्याकडे बारा बोअरचं लायसन्स आहे. महाराष्ट्रात रानडुकराच्या शिकारीचा हंगाम कधी असतो आणि परवाना कुठे मिळतो?

हंगाम नसतो. तुम्हाला हवा तसा परवानाही नसतो. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेची शिकार संपली. तुमचं लायसन्स बंदूक बाळगण्याचं आहे, जनावर मारण्याचं नाही. एवढं सांगून थांबलो असतो, पण "दिवाळीत मित्राच्या शेतावर एखादं डुक्कर पाडू, मटण वाटून घेऊ" हे तुम्ही पुढं लिहिलेलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं वावर चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. त्या वर्षी हरभरा घाट्यावर आला होता. सकाळी जाऊन पाहावं तर अर्ध्या एकरात नांगर फिरवल्यासारखी माती उकरलेली, मधेमधे चघळून टाकलेला पाला. या कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची लेखी परवानगी मिळू शकते. बाबांनी आरएफओकडे, म्हणजे वनक्षेत्रपालाकडे, अर्ज केला, तीन खेपा घातल्या आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणला.

कागद आला, पण बंदूक कुठली? तीन गावं पलीकडे पीक संरक्षणाचं लायसन्स असलेला एक जण होता, त्याला गाडी करून आणलं. चहा पिऊन त्यानं पहिलं हेच विचारलं, "वाटा कसा करायचा?" बाबांनी कागद उघडून दाखवला. मेलेलं डुक्कर सरकारचं, ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचं. रात्री बाराला त्याचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही.

मग बाबा आणि मीच जागलीला. टॉर्च, बडवायला पत्र्याचा डबा, सुतळी बॉम्ब. माझा चुलतभाऊ रोज म्हणायचा, "काका, अर्जानं डुकरं मरत नसते. धुऱ्यावरून तार ओढा, लाईन सोडा, मोकळे व्हा." बाबांनी ऐकलं नाही. शेजारच्यानं मात्र बांधावरून विजेची तार ओढली.

एका पहाटे आमचा बैल दावं तोडून तिकडे गेला. मी पोचलो तेव्हा तो धुऱ्यावर आडवा पडलेला, पुढच्या पायावर तारेची काळी रेघ, केस जळल्याचा वास. लाईन चालूच होती. बाबा त्याला हात लावायला धावले. मी त्यांना मागून कवेत धरून खाली पाडलं. आयुष्यात बापाला पाडलं ते तेवढं एकदाच.

चुलतभाऊ आजही प्रत्येक दिवाळीला म्हणतो, कागदापायी हरभरा गेला. गेला, निम्मा गेला. पण अशाच तारांवर विदर्भात वाघ मेलेत आणि माणसंही मेलीत. तार, फास, सापळा ही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे, नुसता प्रयत्नसुद्धा. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लाईन सोडणाऱ्याला मला हे कमीच वाटतं.

कायदा शेतकऱ्याला पुरतो असं मात्र मी म्हणणार नाही. केरळनं २०२२ मध्ये डुकरं मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. आपल्याकडेही सरपंचाला द्यावा. ज्याच्या गावात रात्री डबे वाजतात त्याला सही करू द्या.

तुमच्या मित्राला सांगा, नुकसान झालं की ३ दिवसांत वनखात्याकडे तक्रार द्यायची, खुरांच्या ठशांसकट फोटो काढायचे आणि पंचनामा होईपर्यंत तिथं वखर घालायचा नाही. कुंपण करायचंच तर सौर कुंपण, त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही. अभयारण्याच्या हद्दीजवळ शेत असेल तर गोष्ट वेगळी, आणि मी काही वकील नाही, त्यामुळे आधी रेंज ऑफिसात, म्हणजे आरएफओच्या कचेरीत, विचारून घ्या. परवानगी मित्राच्या नावानं निघाली आणि बंदूक चालवणारा म्हणून तुम्ही चालता का, हेही तिथंच विचारा. उत्तर लेखी घ्या, तोंडी नको.

लेखी मिळालं तर या. रात्रभर माळ्यावर बसणार असाल आणि वाटा मागणार नसाल, तर आमच्याकडेही या.