यादीची वाट बघू नका, आधी जन्मदाखला उघडा

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. मुलगी १४ वर्षांची, दक्षिण आशियाई जलतरण स्पर्धेच्या संभाव्य यादीत, जायचं श्रीलंकेला, आणि तुम्ही विचारताय की पासपोर्ट आत्ता काढायचा की अंतिम यादी लागल्यावर. आत्ताच काढा. आम्ही थांबलो होतो.

सराव, टायमिंग, खाणंपिणं कोच बघतील. मी फक्त कागदांचं बोलतो.

गोष्ट २०१६ ची, स्पर्धा कोलंबोला. माझा मुलगा २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकवाला. नाशिकच्या थंडीत पहाटे त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात उतरायचा, बाहेर आला की ओठ जांभळे. संभाव्य यादीत नाव आलं तेव्हा पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून जन्मदाखला काढला. लॅमिनेट केलेला. तारीख बरोबर, आमची दोघांची नावं बरोबर, आणि बाळाच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. बारशाआधी नोंद झालेली, नाव नंतर घालायचं राहून गेलेलं. तेव्हा २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखल्याशिवाय दुसरा पुरावा चालत नसे.

जन्म मामाच्या गावचा, म्हणजे नोंदही तिकडेच. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. ठक्कर बझारहून एसटी धरून पाच खेपा घातल्या. पहिल्या खेपेला दवाखान्याचं पत्र आणा. दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र. तिसऱ्या खेपेला साहेब ट्रेनिंगला. चौथ्या खेपेला कळलं की पहिला अर्ज सापडतच नाही, आणि माझ्याकडे पोच नव्हती. सगळ्यात महागात पडलं ते हेच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘राहू द्या, लक्षात आहे’ म्हणाले तरी नाही. नाव लागलेला दाखला हातात आला तेव्हा कागद देण्याची मुदत उलटून चार दिवस झाले होते. त्याच्या जागी राखीव यादीतला मुलगा कोलंबोला गेला. आमच्याने त्या संध्याकाळी गॉगल धुऊन डबीत ठेवला आणि ‘उद्या किती वाजता उठायचं?’ एवढंच विचारलं. अजून आठवलं की घसा दाटतो.

आता तिच्या वयाच्या मुलांना शाळा सोडल्याचा दाखलाही पासपोर्टला चालतो, पण आमच्या अनुभवात स्पर्धेसाठीची वयाची छाननी जन्मदाखल्यावरच अडते. वय ३१ डिसेंबरला किती भरतं ते धरतात, त्यामुळे सगळ्या कागदांवर तारीख एकच हवी. दाखल्यात नाव नसेल तर नोंदणीपासून १५ वर्षांच्या आतच घालता येतं. सरकार मधूनमधून मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर राहू नका. तुमची मुलगी १४ची आहे, म्हणून इतकं टाहो फोडून सांगतोय.

कुणी म्हणेल नेपाळला पासपोर्ट लागत नाही. खरं आहे, पण श्रीलंकेला लागतो. तिथे आधी ऑनलाइन प्रवास परवानाही काढावा लागतो. मी एजंट नाही, नियम बदलतात, त्यामुळे जलतरण महासंघाचं ताजं परिपत्रक स्वतः वाचा.

आणखी एक. तिला खोकला झाला तर घरातलं सिरप देऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, आणि डॉक्टरांना ती स्पर्धेत पोहते हे आधी सांगा.

दाखला बघितलात की इथे लिहा. रेघ असेल तर अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, लगेच टाकतो.