'तोबा गर्दी'तली तोबा आणि रमजानमधली तौबा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे : "ईदच्या खरेदीसाठी महाद्वार रोडवर तोबा गर्दी, अशी बातमी वाचली. आमच्या शेजारच्या चाची रमजानमध्ये 'तौबा करो' म्हणतात. त्याचा अर्थ 'माफी मागा' असा मी आजवर धरून चालले होते. मग गर्दी कुणाची माफी मागते? की हे दोन शब्दच वेगळे? आणि ईदच्या बातमीत हा शब्द बरा दिसतो का?"

शब्द एकच आहे, ताई. अरबी 'तौबा' मराठीत येताना 'तोबा' झाला, जसा 'मौसम'चा 'मोसम' झाला. फक्त त्याचा अर्थ 'माफी' असा लावला की पुढचं सगळं गणित चुकतं, म्हणून आधी तेवढं सोडवून घेऊ.

'तौबा'च्या मुळाशी जो अरबी धातू आहे त्याचा अर्थ परत फिरणं, माघारी वळणं. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस जिथून निघाला तिकडे वळतो, ती तौबा. तिच्या अटीही त्याच बेताच्या : जे चाललंय ते थांबवायचं, त्याचं मनापासून वाईट वाटलं पाहिजे आणि पुन्हा ते करायचं नाही असं ठरवायचं. कुणाचं काही घेतलं-बुडवलं असेल तर ते परत करायचं किंवा त्या माणसाकडून माफ करून घ्यायचं, ही चौथी अट. अरबीत याची एक गंमत आहे. माणूस अल्लाहकडे वळतो त्याला जे क्रियापद, तेच अल्लाह माणसाकडे कृपेनं वळतो त्यालाही. मध्ये फक्त अव्यय बदलतं. कुराणातल्या नवव्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच 'अत्-तौबा' आहे.

मराठीनं हा फरक नकळत बरोबर जपलाय. आपण तोबा 'करतो', माफी 'मागतो'. 'त्यानं तोबा मागितली' किंवा 'मी तुला तोबा दिली' असं कुणी म्हणत नाही. तोबा ज्याची त्यानं करायची असते, माफीला समोर दुसरा माणूस लागतो. क्रियापद कुठलं जोडलंय ते बघावं, शब्दाचा स्वभाव कळतो. (रोजाचंही तसंच. उर्दूत रोजा 'खोलतात'. आपल्याकडे तो 'धरतात' आणि 'सोडतात', कारण उपवासाची क्रियापदं घरात तयारच होती. कोल्हापुरातले मराठी बोलणारे मुसलमानही सर्रास 'रोजा सोडला' म्हणतात.)

आता 'माफ'. हाही अरबीच, मूळ रूप 'मुआफ'. त्याच्या धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे. वाळूतल्या पाऊलखुणा वारा पुसतो तसं. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत जी दुआ विशेषकरून म्हणतात, 'अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फाफु अन्नी', म्हणजे 'हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफ करणं तुला आवडतं, मला माफ कर', तिच्यातले अफुव्वुन, अफ्व आणि फाफु हे तिन्ही त्याच धातूचे. पुसायचं म्हटलं की पाटी आली, खातं आलं, आणि मराठीत हा शब्द दफ्तरात जाऊन बसला. शेतसारा माफ, फी माफ, कर्जमाफी. कोर्टात तर माफीचा साक्षीदार. देवाच्या दारातला शब्द तलाठ्याच्या चावडीत कसा रुळला याचं मला पूर्वी नवल वाटायचं. लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानात ऐकलेल्या संवादानं ते संपलं. रोजे लागायला दोन-चार दिवस होते, एक बाई खजूर घ्यायला आल्या होत्या.

"अण्णा, मागच्या म्हैन्यातलं साठ रुपय ऱ्हायल्यात बघा माझ्याकडं."

"ऱ्हाऊ द्या की वो."

"ऱ्हाऊ द्या म्हणू नगा. पैसं तरी घ्या, न्हाईतर माफ केलं म्हणा तोंडानं."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं, "बरं, माफ केलं" म्हणाले, आणि बाईंनी तरीही साठ रुपये गल्ल्यावर ठेवले.

त्या 'तोंडानं'मध्ये सगळं आलं. 'राहू दे' म्हटल्यानं बाकी तशीच राहते, शब्दशः राहते. 'माफ' म्हटलं की पुसली जाते. इस्लामी शिकवणुकीत माणसांचे एकमेकांवरचे हक्क, 'हुकूक-उल-इबाद', वेगळे मोजतात. अल्लाहशी झालेली चूक अल्लाह माफ करील, पण शेजाऱ्याचं देणं किंवा त्याला लागलेला शब्द शेजाऱ्यानंच माफ करायचा. म्हणून शब-ए-बरातच्या (रमजानआधीच्या महिन्यातल्या प्रार्थनेच्या रात्रीच्या) सुमाराला, रमजानच्या तोंडावर किंवा हजला निघताना 'कहा-सुना माफ करना' म्हणत नातेवाइकांना भेटायची पद्धत आहे. आपलं 'चुकलंमाकलं माफ करा' त्याच जातीचं. आणि 'चू. भू. द्या. घ्या.' तर मला या सगळ्यांत बेरकी वाटतं, कारण त्यात चूक देण्याघेण्याची वस्तू होते आणि माफी कुणी मागितली हे शेवटपर्यंत कळत नाही. कोल्हापुरातल्या दिगंबर जैन घरांत भाद्रपदात पर्व संपलं की 'उत्तम क्षमा' म्हणतात, ते मात्र सरळ आणि स्वच्छ.

चाचींच्या तोंडी तुम्ही 'मगफिरत'ही ऐकली असेल. रमजानचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानतात : रहमत (कृपा), मगफिरत, नजात (सुटका). मगफिरत म्हणजे क्षमाच, पण धातू झाकण्याचा. शिरस्त्राणाला अरबीत 'मिग्फर' म्हणतात तो त्यातलाच. हा शब्द सर्वसाधारण मराठीत आला नाही, त्यामुळे त्याला फाटेही फुटले नाहीत.

आता तुमची गर्दी. माघारी फिरण्याच्या गंभीर शब्दाचा आधी उद्गार झाला. काही भयंकर, अशुभ किंवा अतिरेकी दिसलं-ऐकलं की 'तोबा तोबा!' म्हणत दोन्ही हातांनी आळीपाळीनं गालांवर हलक्या चापट्या मारायच्या. अशा गोष्टीपासून मी मागं सरलो, असा तो अभिनय. 'शिव शिव' म्हणत कानांवर हात ठेवण्याला जवळचा. उद्गार रुळल्यावर 'अमक्यानं तोबा तोबा करायला लावलं' असे वाक्प्रचार झाले, आणि जी बघून तोंडातून 'तोबा' निघावं ती गर्दी 'तोबा गर्दी' झाली. म्हणजे तोबा गर्दी करत नाही, गर्दीत सापडलेला करतो. हिंदी-उर्दूत 'तौबा भीड' कुणाच्या तोंडी मी ऐकलेली नाही, हे जोडकाम मराठीचंच दिसतं. आणि मराठीतही तोबा दुसऱ्या कुणाशी संसार करत नाही. तोबा पाऊस नाही, तोबा ऊन नाही. कडेकोट जसा बंदोबस्तालाच, तशी तोबा गर्दीलाच.

यात 'गर्दी'चाही वाटा असावा असं मला वाटतं. हा शब्द आज पिशव्या सांभाळत चालणाऱ्यांचा आहे, पण जुन्या मराठीत तो धुमश्चक्रीचा होता. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ. बखरींत फौजा 'गर्दीस मिळतात', म्हणजे धुळीला. 1761च्या पानिपतची 'भाऊगर्दी' त्याच अर्थाची, सदाशिवरावभाऊंच्या नावानं झालेली वाताहत. तीच भाऊगर्दी आता निवडणुकीच्या तिकिटासाठी इच्छुकांची होते, आणि लिहिणाऱ्याला पानिपत आठवतही नाही. (1773ला नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी, म्हणजे पगारी शिपाई, या गर्दीतले नव्हेत, तो शब्द वेगळा.) अशा रणधुमाळीच्या शब्दापुढे 'तोबा' शोभून दिसते.

बातमीत बरा दिसतो का, याचं माझं उत्तर : बाजारासाठी खुशाल वापरा. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, शेवया, खारीक, चारोळी आणि पोरांचे कपडे एकाच वेळी घ्यायला निघालेला माणूस महाद्वार रोडवर मनातल्या मनात तोबाच करत असतो, मग तो नमाज पढणारा असो की अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेला. दिवाळीलाही त्याच रस्त्यावर तीच गर्दी आणि बातमीत तोच शब्द असतो. पण दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर (शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केलेली ही संस्था) ईदच्या नमाजला लोक जमतात, त्याला 'तोबा गर्दी' लिहू नये. शब्दाला वैतागाचा वास आहे. तिथं 'मैदान भरून गेलं' एवढं पुरतं. अंबाबाईच्या नवरात्रातल्या रांगेलाही हाच न्याय लावावा, असं माझं मत.

लिहिताना दोन शब्द सुटे लिहा, आणि 'तोबा'ला प्रत्यय लावू नका : तोबा गर्दीत, तोबा गर्दीनं. आणि पानाचा 'तोबरा' भरतात त्याचा इथं काही संबंध नाही. तो फारसीतला, घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चंदीच्या (दाण्याच्या) पिशवीचा शब्द.