रागाच्या पोटी लिहिलेले पुस्तक

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चार प्रकरणे मिळाली. अन्यायाबद्दलचा तुझा संताप खरा आहे, याविषयी मला शंका नाही. पण तुझ्या गोष्टीतला मुकादम पहिल्या पानावर जितका दुष्ट आहे तितकाच तो शेवटच्या पानावरही राहतो, आणि त्याला ना घर आहे, ना भीती, ना कर्ज. म्हणून तुझ्या लेखनावर ओळीओळीने बोलण्याऐवजी जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराच्या एका वर्षाविषयी लिहितो.

कॅलिफोर्नियातील सॅलिनास हे त्यांचे जन्मगाव. १९३६ मध्ये तेथील लेट्यूस या पालेभाजीच्या शेतीतील कामगारांचा संप गावातल्याच प्रतिष्ठितांनी शस्त्रांच्या बळावर मोडून काढला. संतापलेल्या स्टाइनबेक यांनी त्या मंडळींवर एक उपरोधिक पुस्तक लिहिले आणि मे १९३८ मध्ये, हस्तलिखित तयार असताना, ते स्वतःच नष्ट केले. माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे यासाठी आपण आजवर लिहीत आलो आणि हे पुस्तक मात्र अर्धवट समजुतीतून द्वेष पसरवते, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी नव्या कादंबरीचे पहिले पान लिहायला घेतले, आणि २६ ऑक्टोबरला ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही स्थलांतरित शेतमजुरांची कादंबरी हातावेगळी झाली.

पाच महिन्यांचा हा वेग पाहून भुलू नकोस, कारण त्यामागे दोन वर्षांची पायपीट होती. १९३६ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी स्थलांतरित मजुरांवर सात लेख लिहिताना ते बेकरीची एक जुनी गाडी घेऊन छावण्या पाहत हिंडले. आर्विन येथील सरकारी छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स त्यांना तेव्हाच भेटले. रहिवाशांची बोली, गाणी, खाणेपिणे, भांडणे यांची कॉलिन्स यांनी नेमाने केलेली टिपणे कादंबरीला मोठा आधार ठरली. १९३८ च्या आरंभी व्हिसेलियाजवळ पुराच्या पाण्यात उपाशी अडकलेली कुटुंबे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. कादंबरी अर्पण झाली ती पत्नी कॅरल आणि टॉम या दोघांना, हे मला फार योग्य वाटते. कॅरल यांनीच हस्तलिखित टंकलिखित केले आणि शीर्षकही सुचवले.

आता या कादंबरीचे पाचवे प्रकरण काढ. कुळाचे घर पाडायला ट्रॅक्टर घेऊन येतो तो परका राक्षस नव्हे, ओळखीतल्याच माणसाचा मुलगा असतो, आणि दिवसाच्या तीन डॉलरवर त्याच्या घरची चूल पेटते. बंदूक घेतलेला कूळ विचारतो की मग मी मारू तरी कोणाला, तेव्हा बोट बँकेकडे, बँकेकडून पूर्वेकडच्या वरिष्ठांकडे सरकत जाते आणि कोठेच थांबत नाही. राग येथेही आहेच, आणि तो नष्ट केलेल्या पुस्तकातल्या रागाहून जास्त खोल जातो असे मला वाटते. (तीसपैकी सोळा प्रकरणे अशी कथानकाबाहेरची आहेत, त्यांतली काही मला प्रवचनासारखी वाटतात, हेही सांगून ठेवतो.)

त्या काळात स्टाइनबेक रोजनिशी लिहीत, ती पुढे ‘वर्किंग डेज’ या नावाने प्रसिद्ध झाली. शेजारच्या बांधकामाचा आवाज, प्रकाशकाचे दिवाळे, आपण लेखकच नाही ही शंका, असे सारे तीत आहे, आणि त्याखाली दुसऱ्या दिवशीचे काम पुन्हा सुरू झालेले दिसते. ती कादंबरीसोबतच वाच.

तुझे पाचवे प्रकरण मात्र अजून लिहू नकोस. त्याआधी मुकादमाच्या एका दिवसाचे टिपण मला पाठव: तो कितीला उठतो, कोणाचे देणे लागतो, जेवायला कोणाजवळ बसतो आणि रात्री घरी गेल्यावर त्याच्याशी कोण बोलते.

कळावे.

तुझे सर