‘वाया गेलेला’ आणि ‘चीज न झालेले’ : टेनिसपटूंसाठी कोणता शब्द?

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या शिक्षिकेने एक प्रश्न पाठवला आहे. शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी आठवीच्या मुलांनी जागतिक टेनिसमधील काही खेळाडूंवर लेख लिहिला. अंगी असामान्य गुण असूनही ज्यांच्या हातून त्या तोलाची कामगिरी झाली नाही, असे हे खेळाडू आहेत. मुलांनी लेखाला ‘वाया गेलेले टेनिसपटू’ असा मथळा दिला. एका पालकांना तो अपमानास्पद वाटला आणि त्यांनी ‘आपली क्षमता पूर्ण न केलेले प्रतिभावान टेनिसपटू’ असा दुसरा सुचवला, पण तो बाईंच्या कानाला मराठी लागत नाही. या दोहोंत बरोबर कोणता आणि या खेळाडूंना ‘होतकरू’ म्हणता येईल का, असे बाईंनी विचारले आहे.

माझ्या मते पालकांचा आक्षेप बरोबर आहे, पण त्यांनी सुचवलेला मथळा बरोबर नाही.

‘वायां’ हे जुन्या मराठीत ‘व्यर्थ’ या अर्थाचे अव्यय आहे आणि आज ते मुख्यतः ‘जाणे’ व ‘घालवणे’ या दोन क्रियापदांच्या आधाराने टिकून आहे. पाणी वाया जाते, वेळ वाया जातो, शिजवलेले अन्न वाया जाते, आणि या वाक्यांत पाण्याला किंवा अन्नाला कोणी दोष देत नाही. मात्र त्याच क्रियापदाचा कर्ता माणूस झाला की अर्थ एकदम बदलतो. ‘मुलगा वाया गेला’ या वाक्यातून मुलाचे काही नुकसान झाले असे आपण समजत नाही. तो वाईट मार्गाला लागला, हाताबाहेर गेला, असे समजतो. गुण वाया जाणे ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे, तर गुणी माणूस वाया जाणे हा त्याच्यावर ठेवलेला ठपका आहे. मुलांच्या मनात पहिला अर्थ होता, पण मथळ्यात ‘गुण’ हा शब्द गळला आणि दुसरा अर्थ उभा राहिला.

हा फरक मला व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे, तर आजीने शिकवला. माझे एक चुलते तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकांत पदे म्हणत असत. त्यांचा आवाज असा होता की पद सुरू झाले की मंडपामागे चहाच्या टेबलांशी उभी असलेली माणसे पेले खाली ठेवून पुढे सरकत. पुढे घरची जबाबदारी पडली, ते खाणीवर नोकरीला लागले आणि गाणे सुटले. आजी शेवटपर्यंत म्हणत असे, ‘माझ्या पोराच्या गळ्याचे चीज झाले नाही.’ शेजारचा एक तरुण दारूपायी घरदार घालवून बसला होता. त्याच्याबद्दल बोलताना मात्र तिच्या तोंडी ‘वाया गेला’ हेच शब्द असत. या दोन वाक्यांची तिने कधी अदलाबदल केल्याचे मला आठवत नाही.

बाईंना हवा असलेला शब्दप्रयोग हाच आहे: गुणांचे चीज होणे. ‘चीज’ हा मूळचा फारसी शब्द, अर्थ ‘वस्तू’. मराठीत त्याची दोन लिंगे झाली आणि प्रत्येक लिंगाने आपापला अर्थ धरला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या या भूमीत ‘चीज’ म्हटले की आधी गाण्यातली बंदिश आठवते, आणि ती स्त्रीलिंगी असते: ‘यमनमधली ही चीज’. कष्टांचे, गुणांचे, विद्येचे होते ते ‘चीज’ मात्र नपुंसकलिंगी, म्हणूनच आपण ‘चीज झाली’ असे न म्हणता ‘चीज झाले’ म्हणतो. त्याचा अर्थ आहे मोल ठरणे, फळास येणे. या प्रयोगात ज्याचे चीज व्हायचे ती गोष्ट नेहमी षष्ठी विभक्तीत येते. त्यामुळे वाक्याचा रोख माणसावर न राहता त्याच्या गुणांवर राहतो, आणि एखाद्याबद्दल सहानुभूतीने बोलायचे असेल तेव्हा आपल्याला तेच हवे असते.

मुलांच्या लेखातील मार्सेलो रिओस या खेळाडूला हा प्रयोग तंतोतंत लागू पडतो. चिलीचा हा डावखुरा खेळाडू ३० मार्च १९९८ रोजी जागतिक क्रमवारीत पहिला आला, पण ग्रँड स्लॅमचे एकेरीचे विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. पुरुषांमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचूनही असे झालेला तो एकटाच आहे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पेत्र कोर्डाने त्याला ६-२, ६-२, ६-२ असे हरवले होते, आणि पुढे दुखापतींनी त्याची कारकीर्द लवकर आटोपली. ‘रिओसच्या गुणांचे चीज झाले नाही’ असे लिहिले की जेवढे खरे आहे तेवढेच सांगितले जाते.

‘झाले नाही’ आणि ‘केले नाही’ यांतला फरकही मुलांना शिकवण्याजोगा आहे. ‘गुणांचे चीज केले नाही’ म्हटले की दोष खेळाडूच्या पदरी पडतो. निक किरियोसबद्दल असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. २०१४ साली १९ वर्षांचा आणि क्रमवारीत १४४वा असताना त्याने विम्बल्डनमध्ये राफाएल नदालला हरवले. त्यानंतर एकेरीत तो १३व्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही, आणि सरावाची आपल्याला आवड नसल्याचे त्याने स्वतःच अनेकदा बोलून दाखवले आहे. तरीही २०२२ साली त्याने विम्बल्डनचा अंतिम सामना गाठला आणि जोकोविचकडून हरण्याआधी पहिला सेट जिंकला. म्हणून त्याच्याबाबत ‘केले नाही’ असे सरसकट लिहिण्यापेक्षा ‘म्हणावे तसे चीज केले नाही’ हे अधिक न्याय्य आहे. ‘म्हणावे तसे’ या दोन शब्दांनी वाक्य सौम्यही होते आणि नेमकेही.

मरात साफिनबाबत मात्र ‘चीज झाले नाही’ हे विधान सरळ चुकीचे ठरेल. त्याने २०००च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पीट सँप्रासला सरळ तीन सेटमध्ये हरवले, त्याच वर्षी तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि २००५ साली ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य सामन्यात मॅच पॉइंट वाचवून फेडररला पाचव्या सेटमध्ये ९-७ असे नमवून पुढे ती स्पर्धाही जिंकली. एवढे मिळवलेल्या खेळाडूबद्दलही हळहळ वाटते, कारण त्याच्याकडे याहून कितीतरी अधिक होते. यासाठी मराठीत ‘मानाने’ हा साधा शब्द आहे: ‘गुणांच्या मानाने कामगिरी तोकडी पडली’. अंगाच्या मापाला न पुरणाऱ्या कापडाला आपण तोकडे म्हणतो. कापड आहे, चांगलेही आहे, फक्त अंगाला पुरत नाही. साफिनची गोष्ट नेमकी अशी आहे.

रिशार गास्केच्या नावापुढे मुलांनी ‘वाया गेला’ लिहिले आहे, याचे मला सर्वांत वाईट वाटले. १९९६ साली, अवघ्या नऊ वर्षांचा असताना, फ्रान्समधील टेनिसच्या एका मासिकाने त्याला मुखपृष्ठावर छापले आणि फ्रान्स ज्याची वाट पाहत आहे तो विजेता हाच का, असा प्रश्न विचारला. पुढे त्याने एकेरीच्या १६ स्पर्धा जिंकल्या, तो सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, तीन वेळा ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत खेळला आणि ३८व्या वर्षापर्यंत मैदानात राहिला. त्याचा एकहाती बॅकहँड टेनिसमधल्या देखण्या फटक्यांत गणला जातो. यात वाया काय गेले? चुकला तो नऊ वर्षांच्या मुलावर लादलेला अंदाज. इथे ‘अपेक्षा फोल ठरल्या’ हा प्रयोग योग्य आहे, आणि भातशेती पाहिलेल्या मुलांना तो लगेच उमगेल. भात वाऱ्यावर धरले की भरलेला दाणा खाली पडतो आणि ज्यात दाणा भरलेलाच नाही ते टरफल उडून जाते, ते फोल. म्हणूनच अपेक्षा, अंदाज, आशा फोल ठरतात. खेळाडूला कोणी फोल म्हणत नाही.

येलेना डोकिचबद्दल लिहिताना मात्र अधिक काळजी घ्यावी लागेल. १९९९ साली पात्रता फेरीतून आलेल्या, क्रमवारीत १२९व्या असलेल्या या १६ वर्षांच्या मुलीने विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत अव्वल क्रमांकाच्या मार्टिना हिंगिसला ६-२, ६-० असे हरवले. २००२ साली ती चौथ्या क्रमांकावर होती. तिथून तिची घसरण झाली. वडिलांकडून आपल्याला झालेली मारहाण आणि मानसिक छळ तिने पुढे स्वतः जगासमोर सांगितला. वर मी ‘चीज झाले नाही’ या प्रयोगाची शिफारस केली ती त्यात कोणावर ठपका येत नाही म्हणून. इथे तोच गुण दोष ठरतो, कारण दोषी कोण हे ठाऊक असताना कर्ता गाळलेले वाक्य त्याला लपवते. डोकिचच्या परिच्छेदात कर्ता लिहावाच: ‘वडिलांच्या छळाने तिची उमेदीची वर्षे हिरावून घेतली.’

दुखापतींमुळे मागे पडलेल्यांना वर्तमानपत्रे हल्ली ‘शापित’ म्हणतात. हुआन मार्टिन डेल पोत्रोने २००९ साली, विसाव्या वर्षी, अमेरिकन ओपन जिंकली आणि पुढे त्याच्या दोन्ही मनगटांवर शस्त्रक्रिया झाल्या. याला शाप म्हटल्याने वाचकाला काहीच कळत नाही, मनगट म्हटल्याने सगळे कळते.

आता पालकांनी सुचवलेल्या मथळ्याविषयी. मराठीत क्षमता असते, वाढते, कमी पडते, पणाला लागते, पण क्षमता ‘पूर्ण’ करत नाहीत. पूर्ण करायचे ते काम, व्रत किंवा वचन. ‘प्रतिभा’ हा शब्द संस्कृत काव्यशास्त्रातून आला आहे आणि मराठीत तो अजूनही कवी, नाटककार, गायक यांच्या नवनिर्मितीसाठी शोभतो. खेळाडूला ‘गुणी’ म्हणावे, त्याच्या अंगचे गुण ‘उपजत’ आहेत असे म्हणावे. शिवाय ‘टेनिसपटू’ या शब्दातील ‘पटू’चा अर्थच निपुण असा आहे, त्यामुळे त्यामागे आणखी ‘प्रतिभावान’ लावण्याची गरज नाही.

राहिला ‘होतकरू’. या शब्दात ‘होणे’ या क्रियापदाचा ‘होत’ उघड दिसतो: जो घडतो आहे, पुढे काही होईल असा ज्याच्याबद्दल विश्वास वाटतो तो होतकरू. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मदत’ या जाहिरातींमुळे त्याला ‘मदतीस पात्र’ अशी छटा आली आहे, तरी मूळ अर्थ सुटलेला नाही. या शब्दाला वय असते. २००९ साली सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचे मुलांचे विजेतेपद मिळवणारा युकी भांब्री तेव्हा होतकरू होता. दुखापतींनी गाठल्यामुळे एकेरीत ८३व्या क्रमांकापुढे न गेलेल्या आणि नंतर दुहेरीकडे वळलेल्या आजच्या युकीला होतकरू म्हणणे म्हणजे त्याची सगळी कारकीर्द पुसून टाकणे होईल. तेव्हा लेखात हा शब्द वापरायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी त्याच्याशेजारी साल किंवा वय यावे.

मथळा म्हणून मी ‘गुणांच्या मानाने’ एवढेच दोन शब्द सुचवीन, म्हणजे प्रत्येक खेळाडूसाठी निराळे क्रियापद निवडायला मुलांना मोकळीक राहील. आणि बाईंनी अंक शिवण्याआधी ‘गास्के वाया गेला’ हे वाक्य खोडून त्या जागी ‘गास्केकडून फ्रान्सने बाळगलेल्या अपेक्षा फोल ठरल्या’ हे वाक्य मुलांच्याच अक्षरात लिहवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.