दुपंखी विमान उडताना पाहण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे का?

आपण विचारले आहे की, नव्याने उभे केलेले जुने दुपंखी विमान उडताना दाखवण्यासाठी मुलीला नागपूरहून दिल्लीपर्यंत न्यावे, की संग्रहालयातले विमान दाखवले तरी पुरेल? माझे उत्तर स्पष्ट आहे: उडताना दाखवा.

8 ऑक्टोबर 2012 रोजी, वायुसेनेच्या 80व्या वर्धापनदिनी, मी गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावर टायगर मॉथ हे जुने दुपंखी विमान उडताना पाहिले. वायुसेनेने ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले होते. माझ्यासोबत माझे वडील होते. त्यांचे वय तेव्हा 84 होते आणि तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक असताना त्यांनी याच जातीच्या विमानांवर काम केले होते. ज्या काळात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल-विमाने मध्यरात्री आपल्या सोनेगावला एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत, त्या काळातले ते मेकॅनिक. विमान दिसण्याआधी ते आवाजावरून ओळखण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नाही. हिंडनलाही तसेच झाले. मला आकाशात काहीच दिसत नव्हते, तेव्हा ते मान किंचित तिरपी करून म्हणाले, “चारही सिलिंडर बरोबर मारून राहिले.”

त्यानंतर ते दिसले, आणि मला पहिले आश्चर्य वाटले ते त्याच्या संथपणाचे. गिप्सी मेजर इंजिनाची शक्ती 130 अश्वशक्ती, रिकाम्या विमानाचे वजन सुमारे 500 किलो आणि पूर्ण वेग ताशी सुमारे 175 किलोमीटर. जेट विमान डोळ्यांना सापडेपर्यंत निघून जाते. हे मात्र हवेवर बसून येते. वाऱ्याची झुळूक लागली की एक बाजू किंचित कलते आणि वैमानिक ती सावरतो, हे जमिनीवरून समजते. पंख दोन का, हेही तेव्हाच पटते: पातळ, हलके पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब आणि तिरप्या ताणलेल्या तारा दिल्या की पुलाच्या कैचीसारखी मजबुती मिळते आणि कमी वजनात उचलून धरणारे क्षेत्रफळ वाढते. मात्र त्याच तारा आणि खांब हवा अडवतात, म्हणून वेग वाढत नाही. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात वापिटी हे दुपंखी विमान ठेवलेले आहे. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीत वायुसेनेची पहिली तुकडी उभी राहिली ती याच जातीच्या विमानांवर, त्यामुळे तेही अवश्य दाखवावे. पण तिथे त्या तारा केवळ तारा असतात; त्यांच्यावर भार कसा येतो, हे उभ्या विमानाकडे पाहून कळत नाही.

दुरुस्तीत इतके सुटे भाग बदलल्यावर ते जुने विमान राहते का, अशी शंका काही जण घेतात. मला ती पटत नाही. पंखांच्या लाकडी सांगाड्यावर कापड चढवून त्यावर डोप नावाचे रोगण लावायचे, ते वाळताना कापड आवळून ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाते, आणि काही वर्षांनी ते कापड काढून नवे चढवायचे, हे काम वडील त्या काळीही करीत होते. कापड बदलणे हा या विमानाच्या नेहमीच्या आयुष्याचाच भाग होता. उलट, न उडणाऱ्या विमानाचा सांधा कच्चा असला तरी कोणाला कळत नाही. उडणाऱ्या विमानात प्रत्येक सांध्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते, आणि ते काम करणारे हात तयार राहतात.

एक खंत मात्र राहिली. हिंडनला ते विमान सुरू होताना आम्हांला पाहता आले नाही. त्याला स्टार्टर नसतो. जमिनीवरचा माणूस विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घेतो, मग “काँटॅक्ट” असे ओरडतो, वैमानिक मॅग्नेटोचे, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे, स्विच लावून तोच शब्द परत उच्चारतो, आणि त्यानंतर पंख्याला जोराचा हात देऊन त्याच क्षणी मागे सरायचे असते. वडिलांनी हे असंख्य वेळा केले होते. परतताना आगगाडीत त्यांनी मला उभे करून पाय कुठे रोवायचा आणि अंगाचा तोल आधीपासूनच मागे कसा ठेवायचा, हे दाखवले. डबा हलत होता, तरी त्यांचा पाय चुकला नाही.

जाण्यापूर्वी त्या दिवशी हे विमान उडणार आहे ना, याची चौकशी करा, कारण जोराच्या वाऱ्यात ते उडवत नाहीत. इंजिनाचा आवाज ऐकू यावा म्हणून ध्वनिक्षेपकापासून दूरची जागा धरा. मुलीला खालच्या पंखांची मागची कड पाहायला सांगा. टायगर मॉथला विमान कलवणारी हलती फळी फक्त खालच्या पंखांवर असते. आणि शक्य झाले, तर इंजिन सुरू करतात तिथपर्यंत तिला न्या.